माझ्या अर्जातली सुमतीची चित्रं

मित्रांनो, हे पत्र वाचून पुढच्याकडे पाठवा.

महायुद्ध संपताच मी विलायतेतल्या एका विद्यापीठाकडे वनस्पतींवरच्या संशोधनासाठी अर्ज केला होता. आज उत्तर आलं. शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला.

उत्तरात अर्जाला जोडलेल्या, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या गवतांच्या चित्रांची स्तुती आहे. ती चित्रं माझ्या धाकट्या बहिणीची, सुमतीची. गवतंही तिनंच हिंडून जमवली. अर्जात मात्र नाव माझ्या एकट्याचं.

सुमतीनं ते उत्तर दोनदा वाचलं. "दादा, पुढच्या वर्षी मीही अर्ज करणार होते. आता मी काय दाखवू?"



संध्याकाळी विद्यापीठाला खरं काय ते लिहून टपालात टाकलं. शिष्यवृत्ती बहुधा जाईल. सुमती त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

घरच्याच माणसाचं काम तुमच्यापैकी कुणी असं आपल्या नावावर खपवलंय का? पुढे त्याच्या नजरेला नजर कशी दिलीत?