तो निळा धूर बापूभावजींमुळे नव्हता

बापूभावजी आज सकाळी गेले.
त्यांचं नाव आमच्या ह्यांनी बुडवलं होतं.

पोस्ट वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. मी रामदास मिस्तरींची बायको. माझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

बापूभावजी आणि हे एकाच गावचे, शिरपूरकडचे. सुरतला आले तेही एकाच एसटीने. भेस्तानला पुढे गॅरेज, मागे आमची खोली. हे इंजिन बांधायचे, बापूभावजी शेजारच्या शेडमध्ये मशीनवर बोर करायचे. बोर म्हणजे इंजिनात पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती. ती केसाएवढी जरी वाकडी झाली तरी इंजिन धूर ओकतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्या शेठची जुनी काळी विलायती गाडी आली. त्याच्या वडिलांची. पार खोकडं झालेली.

दोघांनी मिळून तिचं इंजिन नवं केलं. पहिल्यांदा स्टार्ट झाली तेव्हा दोघं लहान पोरांसारखे नाचले.

मग आमच्या ह्यांनी गाडीचे लाड सुरू केले.

"नवं इंजिन म्हणजे बाळंतीण. सव्वा महिना तिले तरास द्यावाना नही."

रोज सकाळी उदबत्ती ओवाळायची, गाडी जागेवरच चालू करायची आणि तासभर नुसती गुरगुरत ठेवायची. फिरवली तरी बैलगाडीच्या चालीने. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला एवढं कुणी जपलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. हे हसले.

बापूभावजी नाही हसले. ते म्हणाले, "रामदास, तिले रोडवर काढ. लोड दे. नही ते रिंगा बसाव्या नहीत." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; ती बोरच्या भिंतीला घासून नीट बसली तरच ऑइल वर चढत नाही.

ह्यांनी ऐकलं नाही. ऐकतील तर ते कसले.

काही दिवसांनी धूर सुरू झाला. निळा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी शिरलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. एवढं आता मलाही कळतं. ह्यांनी हेड उतरवलं, व्हॉल्वचे सील बदलले. धूर तसाच. रेस दिली की मागची भिंत दिसेनाशी व्हायची.

शेठ आला. आजूबाजूचे मिस्तरी, ड्रायव्हर, सगळे जमले. शेठने गुजरातीत विचारलं, "तो भूल कोनी?" म्हणजे चूक कुणाची?

आणि ह्यांनी बापूभावजींकडे बोट केलं.

"बोर इसने मारा है, शेठ. टेढ़ा मारा है."

बापूभावजींनी हातातलं फडकं मशीनवर ठेवलं आणि घरी गेले.

मग इंजिन उघडलं. मी तिथेच होते. ह्यांनी गेज लावून वरून मोजलं, खालून मोजलं, आडवं मोजलं. बोर वरपासून खालपर्यंत सारखा, कुठेच फरक नाही. पण आतली भिंत आरशासारखी चकचकीत झालेली. लोड न देता नुसतं गुरगुरत ठेवल्याने रिंगा बसल्याच नव्हत्या आणि ऑइल वर सरकत होतं.

लाडांनीच इंजिन बिघडवलं होतं.

ह्यांनी घासायचा दगड आत फिरवून भिंत खरबरीत केली, नव्या रिंगा टाकल्या. गाडीत माणसं कोंबली आणि चलथाणपर्यंत पळवून आणली. धूर बंद.

शेठला सांगितलं, "बोर ठीक कर दिया."

त्या एका वाक्याने बापूभावजी संपले. आधी शेजारच्या गॅरेजने काम बंद केलं, मग उधन्यापर्यंत सगळ्यांनी. मशीन विकलं. इतका नाजूक हात असलेला माणूस उरलेलं आयुष्य लूमवर धागे जोडत राहिला.

मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं होतं. ते दारातच उभे होते.

"माले माहीत शे, वहिनी. मी बोर मोजेल व्हता."

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, आता तुम्ही जा. चार लोकांत बोललात, तर चार लोकांतच सांगा. हे म्हणायचे, जाऊ. दिवाळीत जाऊ. आपल्या पोरीच्या लग्नात सांगू. लग्नात दोघं समोरासमोर आले, रामराम केला आणि आपापल्या पंगतीला जाऊन बसले. मला तेव्हा इतका संताप आला होता की मी जेवले नाही.

आज बापूभावजींच्या मुलीने अग्नी दिला. म्हणून आम्ही बायकाही स्मशानात गेलो होतो.

आपल्याकडे नंतर दोघं-चौघं श्रद्धांजलीचं बोलतात. एकाने स्वभाव सांगितला, दुसऱ्याने भजनातला आवाज. मग हे उठले. 

म्हणाले, "बापूनं काम चोख व्हतं. गाडी मी बिघाडी आणि नाव त्यानं लावं." गाडी ह्यांनी बिघडवली आणि नाव बापूभावजींचं पुढे केलं, असं.

कुणाला काही कळलं नाही. कुठली गाडी? तेव्हाचे शेठ, मिस्तरी, ड्रायव्हर, कुणीच नव्हतं तिथे. तरुण पोरं मोबाइल बघत होती. एकाने म्हाताऱ्याला धरून बसवलं.

फक्त आशाताईंनी, बापूभावजींच्या बायकोने, वर पाहिलं. त्या रडत नव्हत्या.

"भाऊ, काल रातले ते जित्ता व्हतात," त्या म्हणाल्या. "कालदिन काबर नही उनात?"

काल का नाही आलात, एवढंच त्यांनी विचारलं. 

आता हे ओट्यावर बसलेत. लिहू का विचारलं, तर म्हणाले, माझं नाव घालून लिही.

लिहिलं.

भेस्तानला त्या दिवशी जे कुणी उभे होते, त्यांच्यापर्यंत हे पोहोचवा.

बापूभावजी, तुमच्या वहिनीचा शेवटचा रामराम.