पाचचं बटण

चूक बाळाकाकाची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी "पण मोठी माणसं..." करत बसायला नको. भिसेगावात त्याचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं ते त्याच्याच शब्दावर. "कॉलेजात काय घासतोस, मी शिकवतो." शिकवलं काही नाही. किस्से मात्र इतके साठलेत की आता हसूही येत नाही.

*

पळसदरीला डिसूझा मॅडमचं फार्महाउस. बुकिंगचा प्रोग्रॅम आमचा. मॅडमनी इंग्रजीत स्वतःचं आडनाव टाकलं, डीच्या पुढं वर अपॉस्ट्रॉफी, आणि प्रोग्रॅम आडवा. त्याला वाटलं नाव तिथंच संपलं, पुढचा सगळा हुकूम. उपाय साधा: चिन्ह एस्केप करायचं, म्हणजे "हे नुसतं अक्षर आहे" असं प्रोग्रॅमला सांगायचं. दोन ओळींचं काम.

काकानं फोन लावला. "मॅडम, आडनाव जरा सरळ लिवा ना."

"सासऱ्यांच्या थडग्यावर कोरलंय ते. तिथूनही काढू?"

*

मग काकाला उपाय सुचला. स्क्रूड्रायव्हर. प्रोग्रॅम बसवायला गेला की गिऱ्हाइकाच्या कीबोर्डचं अपॉस्ट्रॉफीचं बटणच उपटायचं! ऑफिसात लोणच्याची बरणी भरलीय त्या बटणांनी. कोणी विचारलं तर सांगायचं, कंपनीतूनच असं येतं.

मी दोन ओळींचं बोललो. तर म्हणाला, "बटनच नाय तर प्रॉब्लेम येनार कुठनं?"

*

भिंतीवर पाटी आहे: फोल्डरचं नाव टी आणि एन या अक्षरांनी सुरू करू नये.

कारण? कोडमध्ये फोल्डरचं नाव बॅकस्लॅशच्या, म्हणजे उलट्या तिरक्या रेघेच्या, पुढं येतं; तिथं टी आला की मोकळी जागा पडते, एन आला की नवी ओळ. टेंपोच्या फोल्डरमधले फोटो सापडेनात, नाक्याच्याही. काकानं कारण शोधलं नाही, अपशकुन शोधला. आता टेंपोचे फोटो 'छोटा हत्ती' नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

*

कुंभिवलीला हायवेवर हमीदचाचांचा ट्रक तोलायचा वजनकाटा. असे तीन काटे त्यांचे, आमचा प्रोग्रॅम फक्त एकावर. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा एक नीट करून दाखव बेटा, बाकीचे दोन तुझ्याच हातात देतो." काकाच्या नाही, माझ्या. एवढंच हवं होतं मला.

दिवसभर बसून एकूण एक चिन्ह एस्केप केलं. दुसऱ्या दिवशी काकानं जाऊन स्वतःची जुनी कॉपी परत टाकली, वर माझ्या वडिलांना सांगितलं, पोरगं हाताबाहेर गेलं. वडील म्हणाले, "वडीलधारा मानूस हाय तो. तुला काय जास्त कळतं रं?"

मी म्हणालो, "हो."

तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

*

त्याच काट्यावर पुढं लॅपटॉपवर चहा सांडला आणि शिफ्टचं बटण आत अडकून बसलं. ऑपरेटरला पाच नंबरची पावती रद्द करायची होती. त्यानं पाच दाबला, उमटलं टक्क्याचं चिन्ह. त्यानं न बघता एंटर मारलं. काकाच्या प्रोग्रॅमला टक्का म्हणजे "काहीही चालेल". पहिल्यापासूनच्या सगळ्या पावत्या रद्द.

ट्रकांची रांग हायवेपर्यंत. काका आला, चाचांसमोर माझ्याकडं बोट केलं. "यानं हात लावलेला प्रोग्रॅमला."

मी सांगितलं, माझं काम यानंच काढून टाकलंय, आत्ता उघडून दाखवतो. चाचांनी लॅपटॉपकडं पाहिलंसुद्धा नाही. "बाळाशेठ माझ्या वयाचे आहेत बेटा. ते खोटं कशाला बोलतील?"

काकानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि लॅपटॉपचं पाचचं बटण उपटलं. "आता नाय व्हनार."

रांगेतला पहिला ड्रायव्हर खिडकीशी उभा होता. "शेठ, माझ्या गाडीच्या नंबरात पाच हाय."

"मग दुसऱ्या काट्यावर जावा."

ते दुसरे दोन्ही काटे काकाला मिळाले. मला कॉलेज नाही, काम नाही.