दाराबाहेरचा जोडीदार

इस्पितळातल्या ओरिएंटेशनच्या, म्हणजे नवख्यांच्या प्रशिक्षणाच्या, तिसऱ्या सकाळी मी हजेरी दिली आणि मागच्या दाराने निसटलो. चूक माझी होती. तिची शिक्षा भोगली दुसऱ्याने. सौदीचा प्रवास सांगायचा तर हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वर्णन खोटं ठरेल.

मी मिरजेचा, पेशाने नर्स. आमच्याकडे पुरुष नर्सला ‘ब्रदर’ म्हणतात. वीसेक वर्षं मी वॉर्ड सांभाळला होता. आखातात युद्धाचे ढग जमले, तिथल्या अनेक परिचारिका घरी परतल्या, आणि म्हणूनच आम्हाला काही महिन्यांच्या करारावर बोलावणं आलं. बायको म्हणाली, “सगळे येताहेत नि तुम्ही निघालात.” मी हसून टाळलं आणि पिशवी भरली.

जेद्दाच्या विमानतळावर रांगेत पुढे उभा होता इक्बाल. श्रीवर्धनचा, माझ्याहून बराच लहान, त्याच इस्पितळात निघालेला ब्रदर. मागे वळून त्याने माझ्या पिशवीवरचं गावाचं नाव वाचलं.

“मिरजेचे काय? मग मराठीत बोला की, भाऊ. सकाळपासून हिंदी बोलून जबडा दुखायला लागलाय.”

इस्पितळ देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल-खोबरला होतं. तिकडची बस सुटायला वेळ होता, म्हणून त्याने मला शराफियाला जेवायला नेलं. तो भाग म्हणजे आपल्याच एखाद्या बाजारपेठेचा तुकडा. एका मल्याळी खानावळीत आम्ही पराठे आणि माशाचं कालवण खाल्लं. इक्बालने मासा बोटाने उलटून पाहिला. “बर्फातला हाय. माझ्या आईने मांजरालाबी घातला नसता,” असं म्हणत त्याने ताट मात्र चाटूनपुसून साफ केलं.

मक्केच्या अलीकडे रस्ता फुटतो, तिथे पाटीच आहे: सरळ फक्त मुसलमानांनी जायचं. बाकीच्यांनी वळसा घालून ताइफचा घाट चढायचा. मी आणि दोन ख्रिस्ती नर्स बसमध्ये होतो, म्हणून बस वळशाने निघाली. इक्बाल खिडकीतून त्या पाटीकडे मान वळवून बघत राहिला.

“तुमच्यापायी माझी मक्का हुकली, भाऊ. परतताना मी उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला जाणार. तवा तुमी एकटे घाला वळसा.”

ताइफला थंडी इतकी की चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. पुढे वाळवंट सुरू झालं आणि रस्ता सैन्याने भरला. जाळ्या टाकलेले ट्रक, ट्रेलरवरचे रणगाडे, आणि त्या सगळ्याकडे ढुंकूनही न बघणारे उंट. अल-खोबरला पोचलो तेव्हा समुद्र निवांत होता, पण किनाऱ्यालगतच्या इमारतींत निम्म्या खिडक्या अंधारलेल्या आणि काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या.

ओरिएंटेशन घेणाऱ्या सिस्टर अन्नम्मा कोट्टायमच्या. आवाज हळू, पण डोळे कडक. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हाला वॉर्डभर फिरवलं: ऑक्सिजन कुठे, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, ‘अलम’ (दुखणं) कुठे आहे हे रुग्णाला अरबीत कसं विचारायचं. इक्बाल सारखा विचारायचा. “सिस्टर, बिजली गई तो?” दुपारी तो डोळे मिटून, भिंत चाचपत, खाटांपासून दारापर्यंत चालून बघायचा. मी त्याला चिडवत असे, “आंधळी कोशिंबीर संपली की जेवायला चल.” मनात होतं, वॉर्ड म्हणजे वॉर्ड. मला हे काय नवीन शिकवणार?

दुसऱ्या दिवशी मुखवटे आणि बंद खोली. विषारी वायूची भीती होती. भोंगा वाजला की रुग्णांना आतल्या खोलीत न्यायचं, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची, खाली ओला टॉवेल. पट्टी लागली की दार उघडायचं नाही. हे मी ऐकलं.

तिसऱ्या सकाळी जोड्या लावल्या जाणार होत्या. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी फोन करायचा होता. शेजाऱ्यांच्या फोनवर बायकोला बोलावून तिचा आवाज ऐकेपर्यंत दुपार झाली. परतल्यावर इक्बाल म्हणाला, “तुमी माझे जोडीदार. मीच नाव दिलं. सिस्टरनी काय सांगितलं ते सांगू?”

“अरे, माहीत आहे,” मी म्हटलं.

युद्ध सुरू झालं. एका संध्याकाळी औषधं वाटत असताना भोंगा वाजला. इक्बालने ओरडून मला खोलीकडे जायला सांगितलं आणि तो शेवटच्या खाटेकडे धावला. तिथे पाय मोडलेला एक म्हातारा बद्दू (वाळवंटातला भटका अरब) होता. मी इतर रुग्णांना आत घेतलं, मुखवटा चढवला, दार लावलं आणि पट्टी ओढायला लागलो. शेवटची फट बुजते तोच बाहेरून थाप पडली.

“भाऊ, दार!”

मी पट्टीवर तळहात दाबून उभा राहिलो. थापा पडत राहिल्या, मग थांबल्या. दूर धडाका झाला, काचा थरथरल्या.

वायू नव्हताच. सगळं शांत झाल्यावर दार उघडलं तेव्हा इक्बाल म्हाताऱ्याच्या खाटेला पाठ लावून जमिनीवर बसला होता, तोंडावर ओला टॉवेल. त्याचा मुखवटा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होता.

सिस्टर अन्नम्मांनी विचारलं, “जोडीदार अंदर आने से पहले पट्टी किसने लगाया?” तिसऱ्या सकाळची शिकवण तीच होती: जोडीदाराचा हात खांद्यावर पडल्याशिवाय पट्टी लावायची नाही.

“तो वेळेत आला नाही,” मी म्हटलं. “मला काही ऐकू आलं नाही.”

इक्बालने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून ओला टॉवेल उचलला. त्याच्या नावावर हलगर्जीचा शेरा पडला आणि त्याला वॉर्डावरून काढून नव्या नर्सेसबरोबर पुन्हा ओरिएंटेशनला बसवलं. येताजाता मला तो दिसायचा, पहिल्या रांगेत, मान खाली. त्यानंतर तो माझ्याशी फक्त हिंदीत बोलला. “भाईसाब, चाबी दीजिए.” तेवढंच.

युद्ध संपलं, करारही संपला. निघायच्या आदल्या दिवशी मी सिस्टरना सगळं सांगितलं. “उसके नाम का दाग मैं मिटा देगी,” त्या म्हणाल्या. “लेकिन मुझे क्यों बोलता है? जिसको बाहर रखा, उसको बोलो.”

बसमध्ये इक्बाल माझ्या पुढे बसला होता. रियाध गेलं, वाळवंट गेलं. प्रत्येक थांब्यावर मी त्याच्याशी बोलायला उठायचो आणि चहा घेऊन परत बसायचो. कोणी नवखा ब्रदर परदेशी निघाला की मी आता सांगतो: आपल्याला काय येतं ते घरी ठेवून जा, न समजलेलं विचार, आणि जोडीदार सांगत असेल तर ऐक. त्या बसमध्ये मात्र मी त्याच्या पाठीकडे बघत बसलो.

ताइफच्या पुढे बस थांबली. उमऱ्याला जाणारे इथे आंघोळ करून एहराम (दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं) नेसतात आणि वेगळ्या गाडीने मक्केला जातात. इक्बाल पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आला. निघण्याआधी सगळ्यांची क्षमा मागायची त्यांच्यात रीत आहे. तो एकेकाला भेटत माझ्यापर्यंत आला आणि हात जोडून म्हणाला, “भाईसाब, कहा-सुना माफ करना.”

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याचे जोडलेले हात धरले.

“इक्बाल, तू उशिरा आला नव्हतास. मला ऐकू आलं होतं. तुझाच आवाज आहे हेही कळलं होतं. मी घाबरलो, दार उघडलं नाही, आणि वर खोटं बोललो. मला माफ कर.”