ओळखीचा नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि माझ्या मुलीला तर नाहीच — तिच्यापासून का लपवलं ते पुढे कळेलच. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी चहा टाकायला उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी एक सांगते. मला फार राग येतो. कुणी सभेत उभं राहून म्हणालं ना, की पोरींच्या हाती मोबाईल दिले म्हणून हे सगळं होतं — तर माझं डोकं भणभणतं. पोरींच्या हाती! आणि त्या पोरींचे नंबर पोचवले कुणी? ते विचारतं का कुणी? एकदा तरी? मला उठून ओरडावंसं वाटतं. मग मी खाली बसते. कारण उत्तर मला माहीत आहे.

गोंदियाजवळ कुडव्याला आमचं दुकान आहे, रस्त्याला लागूनच. नव्याण्णव साली नवऱ्याने तिथे एसटीडीचा बूथ टाकला. तो ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस रायपूर नाहीतर नागपूर. त्यामुळे बूथवर मीच बसायची. काचेच्या केबिनमध्ये लोक ओरडून ओरडून बोलायचे — कुणाचं भांडण, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. मी ऐकायची आणि पोटात ठेवायची. भाभीच्या बूथवरून गोष्ट बाहेर जात नाही, असं लोक म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग मोबाईल आले. बूथ बसले, मी सिम आणि रिचार्ज ठेवायला लागले. येणारा माणूस वहीत आपला नंबर लिहायचा आणि मी माझ्या फोनवरून रिचार्ज मारायची. वही दिवसभर काउंटरवर उघडी असायची. आयाबायांचे नंबर, शाळेतल्या पोरींचे नंबर, कुणीही पाहावं. ती आत ठेवावी असं मला कधी वाटलं नाही. पण थांबा — वही उघडी होती, एवढंच असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

शीतल आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नाव बदललं आहे, तेवढं तरी तिचं राखू द्या. बाप राईस मिलमध्ये हमाल. ती माझ्या पल्लवीच्या वर्गात, दोघी दहावीला. गणितात अशी पक्की, की पल्लवी अडली की वही घेऊन तिच्याकडेच पळायची. क्लास सुटून सायकलने घरी यायला तिला सांज व्हायची, म्हणून बापाने साधा बटनांचा मोबाईल घेऊन दिला. पोरगी सुरक्षित राहावी म्हणून! सिम माझ्याकडूनच नेलं. बापलेक दोघं आले होते. ती किती हरखली होती, दुकानातच तिने पहिला फोन आईला लावला.

आणि क्लासचे सर. त्यांचं नाव मी घेत नाही. तेव्हा घ्यायची हिंमत झाली नाही, आता घेऊन काय तीर मारणार? चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. कुडव्यात सगळे मान द्यायचे. पल्लवीला पहिल्या बाकावर बसवायचे. येता-जाता दुकानात टेकायचे, मला भाभी म्हणायचे. एका दुपारी म्हणाले, "भाभी, वो शीतल का नंबर देना जरा. कल क्लास का टाइम चेंज है, बताना पड़ेगा."

मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

शीतलच्या बापाचा नंबर क्लासच्या फॉर्मवर होता. सगळ्या पोरींच्या फॉर्मवर आईबापाचाच होता; टाइम बदलला की निरोप माझ्याच फोनवर यायचा. मग पोरीचा नंबर कशाला हवा? हा प्रश्न मला पडला नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. पडला होता. वही सरकवताना हात क्षणभर अडला होता. पण चारचौघांत मान असलेला माणूस, त्यातून मुलीचा मास्तर — त्याला तोंडावर विचारून वाईट कोण होणार?

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून दुसरं सिम नेलं. स्वतःच्या कागदावर नाही. कुणीतरी दुकानात विसरलेली ओळखपत्राची झेरॉक्स होती, तिच्यावर काढून दिलं मी. तेव्हा हे सर्रास चालायचं — आणि चालायचं म्हणून मी केलं, यापलीकडे त्याला कारण नाही. नंबर सोपा होता, एकदा पाहिला की लक्षात राहणारा. "ये वाला किसी को बताना मत, भाभी," असं म्हणून ते हसले. मीही हसले. काय म्हणून हसले असेन मी?

शीतलला आधी मिस्ड कॉल यायला लागले. मग नको तसले मेसेज. मग क्लास सुटल्यावर एकटी थांब — नाहीतर तूच मला फोन करतेस असं तुझ्या बापाला सांगतो, ही धमकी. हे मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की पोरगी बोलेनाशी झाली आहे. पल्लवी म्हणायची, आई, शीतल गणितं चुकवते आजकाल. एके दिवशी फोन वाजला तो बापाने उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज, आणि लगेच बंद. त्या संध्याकाळी तो पोरीला घेऊन थेट माझ्या दुकानात आला आणि मोबाईल काउंटरवर ठेवला.

"बाई, हा नंबर पाहा. कोणाचा आहे? तुमच्याकडून रिचार्ज होते का याच्यावर?"

शीतल त्याच्या मागे उभी होती. "बाबा, मी केव्हाची सांगून राहिली ना — आवाज सरांचाच आहे."

"चूप बस. सर कायले फोन करतील तुले?" मग माझ्याकडे वळला. "खरं सांगा बाई. पोरगी म्हणते, मी कोणालेच नंबर नाही देला. मंग गेला कसा?"

"काकू, सांगा ना," ती म्हणाली. "तुमच्या इथंच लिहिला होता मी. अजून कुठंच नाही."

स्क्रीनवर तोच सोपा नंबर. परवाच मी त्याच्यावर रिचार्ज मारला होता. एक शब्द बोलायचा होता — एक! पण तो शब्द बोलले तर वही निघणार, झेरॉक्स निघणार, दुकानाचं नाव जाणार. मी मोबाईल हातात घेतला, नीट पाहिल्याचं सोंग केलं आणि म्हणाले, "मला काय माहीत, भाऊ? असे शंभर नंबर येतात. आमच्या इथून नंबर बाहेर जात नाही. आजकालच्या पोरीच देतात कुठं तरी."

ते शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या मनाचं जोडलं.

बापाने तिथेच, काउंटरसमोर, तिच्या तोंडात मारली. ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी वहीचं पान उलटलं, जणू फार काम पडलं आहे.

दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद, मोबाईल बंद. मग शाळाही बंद. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. पोरीचं नाव अजून खराब व्हायला नको म्हणून तिला सालेकश्याकडे आत्याच्या गावी पाठवून दिलं. कुडव्यातली सगळी शहाणी माणसं म्हणाली, बरं केलं. बरं केलं? जिने काहीच केलं नव्हतं तिचा फोन गेला, शाळा गेली, घर गेलं. ज्याने केलं त्याचा फोन खिशातच होता, दर आठवड्याला रिचार्ज होऊन! आणि आम्ही म्हणायचो, पोरीच्या जातीने जपून राहावं. कुणापासून जपावं तिने? मास्तरापासून? बापापासून? दुकानातल्या काकूपासून?

आता जे सांगायचं ते सांगते. इतका वेळ मी वळसे घालते आहे ते यासाठीच.

सर दुसरं सिम घेऊन गेले, त्या दिवशी घरी येऊन मी पल्लवीला त्यांच्या क्लासमधून काढलं. त्याच दिवशी. तिने काऊन, काऊन म्हणून जीव खाल्ला. मी म्हणाले, तिथे गर्दी फार झाली, गोंदियाला मामीच्या घराजवळचा लाव. तिला माझ्या फोनशिवाय दुसरा फोन मी दिला नाही. सर रस्त्यात भेटले तर थांबायचं नाही, असंही बजावलं. म्हणजे मला सगळं कळलं होतं. माझ्या लेकीपुरतं मी सगळं ओळखलं होतं आणि तिला सांभाळून बाजूला केलं होतं. शीतलच्या बापाला मी हाक मारली नाही. मागची गल्ली — पन्नास पावलंही नाहीत. तो रोज मिलमधून माझ्या दुकानावरूनच घरी जायचा.

पल्लवी आज नर्स आहे. माझी आई फार दूरचं पाहते, असं ती लोकांना सांगते.

त्या सरांचं काय झालं? पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पोरीची आई चप्पल घेऊन क्लासवर गेली. तक्रार नाही झाली. पोरींची नावं येतील म्हणून चारपाच माणसांनी मिटवलं. सरांनी बोर्ड उतरवला आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा लावला म्हणतात. काही वर्षांनी शाळेत मुलींसाठी मोबाईलच्या धोक्यांवर कार्यक्रम ठेवला, तर मोबाईलवाली बाई म्हणून मला बोलावलं. आणि मी गेले! खुर्चीवर बसले, गुलाबाचं फूल घेतलं, आणि समोर बसलेल्या पोरींना म्हणाले, आपला नंबर कुणाला देऊ नका. टाळ्या वाजल्या.

गेल्या उन्हाळ्यात शीतल आली होती. तिचं लग्न अठरा लागताच लावलं होतं. सासर तिकडेच, जंगलाच्या अंगाला. माहेरी आली म्हणून मोबाईलला काच लावायला आली. कडेवर लहान मुलगी. मी काच लावत होते, ती बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काकू, एक विचारू? तवा बाबांनी दाखवला तो नंबर — तुम्ही ओळखला होता ना?"

दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. नवरा नाही, पल्लवी नाही, गिऱ्हाईक नाही. भ्यावं असं काहीच उरलं नव्हतं. सर नव्हते, वही कधीच रद्दीत गेली होती.

"नाही गं बाई," मी म्हणाले. "इतके नंबर येतात. कुठं लक्षात राहते?"

तिने मान हलवली, मोबाईल घेतला, मुलीला सावरलं आणि उन्हात निघून गेली.

ओळखला होता, शीतल. पाहताक्षणी ओळखला होता.