अप्पांचा खड्डा आणि माझी कंबर

त्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं, की सिद्धरामेश्वरानं मला टाकलं. सोलापुरात संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलण्याची सेवा आमच्या घराकडे होती. उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरून चालायचं. सारा भार कमरेवर. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले आणि ती सेवा माझ्याकडे आली, आणि नेमकी माझी कंबर धरली. दिवाळीपर्यंत असं झालं, की खालचा तांब्या उचलायचा तरी भिंतीचा आधार लागे. मी हातमागावर लुगडी विणणारा माणूस. काम निम्म्यावर आलं होतं, पण खरं सांगतो, पोटापेक्षा मला त्या काठीचीच धास्ती जास्त होती. भर यात्रेत ती माझ्या हातून कलली तर? की देवालाच ती माझ्या कमरेवर नको झाली होती?

कंबर का दुखते हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, एवढं मला तेव्हा कळलं. वैद्यबुवा म्हणाले वात. हाडवैद्यानं पाठीत गुडघा रोवून मणका बसवला. तो कधी उठला होता हे त्यालाच ठाऊक. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वाकून ओझं उचलू नका. शेजारणीच्या मते मी थंड फरशीवर निजतो म्हणून, आणि मेहुण्याच्या मते मला दृष्ट लागली. मी सगळ्यांचं ऐकलं. तेल चोळलं, लेप लावले, विटेचा शेक घेतला, दृष्टही काढून घेतली. कळ जागची हलली नाही.

शेवटी एका सोमवारी देवळात गेलो आणि चिडूनच म्हणालो, "काय चुकलं माझं ते तूच सांग, नाहीतर सेवा दुसऱ्याला दे." देवाशी असं बोलू नये हे मला कळतं, पण तोंडातून गेलं. मग देवळाभोवतीच्या तळ्याच्या एका उंच पायरीवर कंबर चोळत बसून राहिलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले होते. कपाळाला विभूती, खांद्यावर घोंगडी. ते माझ्या तोंडाकडे नाही, लोंबत्या पायांकडे बघत होते. खालच्या पायरीला माझी नुसती बोटं लागत होती.

"मागावर बी असंच बसता काय?" त्यांनी विचारलं.

मी विणकर आहे हे यांना कसं कळलं? मी चमकून पाहिलं तसे ते हसले. "बोटाला धोट्याच्या दोरीचा घट्टा हाय की तुमच्या. मी बी त्यातलाच, दुधनीकडचा. सांगा, मागाच्या खड्ड्यात टाच टेकती का?"

"टाच नाही. बोटं टेकतात."

"मग पायाखालची फळी दाबताना दर टायमाला कंबर एका अंगाला उतरती. दिवसभर. कुणाचा माग हाय?"

"वडिलांचा. त्यांच्या माघारी मी बसतो."

"त्यांचे पाय लांब असतील. तुमचे तोकडे. चार बोटं माती भरा, यप्पा, दुसरं कायबी न्हाय."

मला राग आला. खड्डामागावर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतात, आणि ती बसायची जागा अप्पांची होती. त्यांच्या टाचांनी झिजलेल्या त्या जमिनीला मी रोज विभूती लावून नमस्कार करत होतो. अप्पा गेल्यापासून मी मागाची खुंटीसुद्धा हलवली नव्हती. "वडिलांची जागा बुजवायची होय?" मी म्हणालो. ते गाडीची वेळ झाली म्हणून उठले आणि गेले.

चार दिवस मी तसाच बसत राहिलो. हट्टानं. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तर अव्वा, माझी आई, स्वतः खड्ड्यात उतरून माती तुडवत होती. तळ्यावरचं बोलणं मी तिला सांगितलं होतं, तेच चुकलं असं वाटलं. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो.

तिनं तुडवणं थांबवलं नाही. "गप बस. हा खड्डा तुज्या आज्याचा. माजं लगीन झालं त्या वर्षी तुज्या अप्पानं हितंच बसून ईतभर उकरला, पाय मावंनात म्हणून. मामंजी काय रडले न्हाईत. खोरं त्यांनीच आणून दिलं."

मी दारातच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. ज्याला मी भक्ती समजत होतो ते नुसतं कवटाळणं होतं. "सगळं तुझ्या स्वाधीन," असं देवाला रोज म्हणायचो आणि चार बोटं खोल जागा सोडायला तयार नव्हतो.

दुपारी जमीन चोपली, फळ्यांच्या दोऱ्या आखडल्या. पंधरवड्यात कळ ओसरली, महिन्यानं मी सरळ चालू लागलो. दुधनीला दोनदा जाऊन आलो. त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुणाची म्हणून चौकशी करणार? त्यांना पाठवणाऱ्याला मात्र मी ओळखतो, आणि त्याच्या पायाशी रोज त्यांच्यासाठीही हात जोडतो.

संक्रांतीला पांढरी बाराबंदी घातली, पट्टा आवळला. दोघांनी काठी उचलून माझ्या कमरेला लावली आणि हात काढून घेतले. भार आला. दोन्ही टाचा जमिनीवर घट्ट टेकल्या होत्या. मी डोळे वर केले आणि चालू लागलो.