डाखाऊला गेलेली टेप

राजाभाऊ घरात आले की आधी चपला काढतात, मग पाणी मागतात आणि मग माझ्या हॉलकडे अशा नजरेने बघतात की पुढचं वाक्य मला पाठ आहे.

"विभावरी, हा सोफा काढलास ना, तर इथे आरामात आठ बसतील."

आठ माणसं नव्हेत. आठ बेड. एकावर एक लावले तर सोळा.

राजाभाऊ माझे थोरले दीर. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका कंत्राटदार कंपनीच्या कामगारांच्या राहण्याच्या बिल्डिंगा आहेत, त्यातल्या दोन ते सांभाळतात. अशा माणसाला इथे कॅम्प बॉस म्हणतात. नाव भारदस्त, काम मात्र तुंबलेल्या मोऱ्या, हरवलेल्या किल्ल्या आणि 'साहब, एसी नहीं चल रहा' हे. एकशे दहा खोल्या, एका खोलीत सहाजण. जाऊबाई, म्हणजे प्रमोदिनीताई, सासूबाईंपाशी इचलकरंजीला. त्यामुळे माझं लग्न होऊन मी शारजाला आले तेव्हापासून, गेली तेवीस वर्षं, दर सुट्टीला राजाभाऊ आमच्याकडे जेवायला. आधी शुक्रवारी यायचे, इथली सुट्टी बदलली तसे रविवारी येतात. सोफा काढायचा सल्ला बदलला नाही.

किल्ल्यांच्या जुडग्याला तीन मीटरची टेप लटकवलेली असते. लग्नाच्या हॉलमध्ये टेप, नव्या हॉटेलात टेप. एकदा शुभ्राच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, वर्गात पालकसभेला गेले आणि बाईंसमोर खिडकी ते फळा अंतर घेऊन आले. मी जमिनीत गेले.

बरं, माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. जेवताना फोन वाजतो, राजाभाऊ भाताचा घास हातात धरून स्पीकर लावतात.

"साहब, मैं फिरदोस. प्लास्टरवाला. रूम चेंज करो ना."

"अब क्या हुआ, हबीबी?"

"नया आदमी दिया ना आपने, वो आदमी नहीं है साहब, ट्रॅक्टर है. रातभर चालू."

"उसको कल खर्राटा रूम में डालता हूं. खलास."

घोरणाऱ्यांची वेगळी खोली हा राजाभाऊंचा शोध. रात्रपाळीवाले गच्चीच्या बाजूला, गुडघे दुखणारे खालच्या बेडवर. सहाशे साठ माणसांचं हे सगळं डोक्यात. स्वतः ब्याण्णव साली स्टोअरकीपर म्हणून आले तेव्हा दुबईच्या देरा भागातल्या एका खोलीत सहा वर्षं वरच्या बेडवर काढलेली. त्यामुळे वरच्या बेडवर कुणाला घालायचं नाही, ते त्यांना कळतं.

या मार्चमध्ये ऑफिसने त्यांना एक पाकीट दिलं. आत दोन कागद. एक खोल्यांचं नवं ड्रॉइंग: सहाच्या जागी दहा बेड. कॅम्प बॉस म्हणून खाली सही करायची. दुसरा त्यांच्या नोकरीच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा. जूनमध्ये राजाभाऊ साठ वर्षांचे होणार. मुदतवाढ नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर तेहतीस वर्षांचं बिऱ्हाड दोन बॅगांत भरून घरी. एका कागदासाठी दुसऱ्यावर सही करा असं कुणी म्हटलं नव्हतं. फक्त दोन्ही एकाच पाकिटात होते, आणि ईदची सुट्टी संपली की परत द्यायचे होते.

"कर की सही," माझा नवरा सत्यजित म्हणाला. "दादा, नियमात बसतंय म्हणतात ना?"

"बसवलं की बसतं रे सगळं. मोजून घेतो एकदा."

त्याच ईदच्या सुट्टीत सत्यजितला म्युनिकला मशिनरीच्या प्रदर्शनाला जायचं होतं. आम्हीही जाऊ म्हटलं. राजाभाऊंनी इचलकरंजी आणि दुबई सोडून जग पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनाही चला म्हटलं. म्हणजे चूक माझीच.

विमानात जेवणाचा ट्रे बाजूला सारून ते ड्रॉइंग उघडून बसले. हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर पुन्हा ड्रॉइंग, वर जॅमचा डाग. शुभ्रा दहावीत. तिचा इतिहासाचा प्रोजेक्ट नाझींच्या छळछावण्यांवर आणि म्युनिकपासून अर्ध्या तासावर डाखाऊ, तेव्हा तिला तिथेच जायचं होतं. सत्यजित प्रदर्शनात. उरलो आम्ही तिघं.

"सुट्टीत कॅम्प बघायला कोण जातं गं? मी रोज बघतो," राजाभाऊ म्हणाले.

"काका, दॅट्स नॉट फनी. पीपल डाइड देअर."

"माहितीय गं बाई. मीपण शाळेत गेलोय."

ट्रेन, मग बस, मग बोचरं वारं. आत जायला तिकीट नाही म्हटल्यावर राजाभाऊंना संशय. "फुकट? मग आत काहीतरी विकत असणार." कानाला लावायच्या माहितीयंत्राचं भाडं त्यांनी रांगेत उभं राहून आधी दिरहमात आणि मग रुपयांत मोठ्याने सांगितलं. मागचं जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. मी स्कार्फ वर ओढला.

लोखंडी फाटकातून आत गेलं की भलंमोठं मोकळं मैदान लागतं. कैद्यांना इथे मोजणीसाठी तासन् तास उभं करायचे, शुभ्रा सांगत होती. वाचून वाचून तिचा आवाज शिक्षिकेसारखा झाला होता.

"पाण्याचा निचरा कुठे दिलाय?" राजाभाऊंनी विचारलं.

"काका, प्लीज."

"नाही, एवढी माणसं पावसात उभी करायची तर..."

"काका!"

मी दोघांच्या मधे चालत होते. एकीकडे हिचं भाषण, दुसरीकडे यांचा निचरा. एवढ्या लांब येऊन त्या जागेपुढे दोन मिनिटं गप्प उभं राहावं इतकीच माझी इच्छा होती, आणि तीच नेमकी या दोघांमुळे होत नव्हती.

कैद्यांच्या बराकी आता नाहीत. जमिनीवर त्यांच्या जागा तेवढ्या आखलेल्या. एकच बराक पुन्हा बांधून दाखवली आहे, आत ओळीने तीन खोल्या, प्रत्येकीत वेगळ्या काळातले लाकडी बंक, मधे दोर. लोक कुजबुजत पुढे सरकत होते. आणि मला तो आवाज आला. सर्रकन्. टेप ओढल्याचा.

राजाभाऊ दोरापलीकडे अर्धे वाकले होते. टेपचं टोक बंकच्या एका कडेला, दुसरं टोक त्यांच्या अंगठ्याखाली.

"सर! प्लीज! नॉट हिअर!" राखी केसांची एक बाई, तिथलीच कर्मचारी, लगबगीने आली.

"सॉरी मॅडम. वन मिनिट ओन्ली."

वन मिनिट ओन्ली! पाण्याचा टँकर आलाय आणि वॉचमनला थांबवायचंय, अशा सुरात. बाईचा चेहरा लाल. मी तिला किती वेळा सॉरी म्हटलं ते मोजलं नाही. तेवढ्यात शुभ्राने त्यांच्या जुडग्यातून टेप हिसकावली.

"यू मेजर एव्हरीथिंग! इव्हन धिस! आय ॲम सो अशेम्ड ऑफ यू," म्हणाली आणि डोळे पुसत बाहेर निघून गेली.

आता मीही सोडणार नव्हते. तेवीस वर्षांचं साठलेलं होतं. "भाऊजी, कमाल आहे तुमची. कुठे आलोय आपण, याचं काही आहे की नाही? पोरीला रडवलंत. सगळे बघतायत आणि तुम्ही..."

"विभावरी, तू तिन्ही खोल्या बघितल्यास का?"

"भाऊजी, मी काय बोलतेय?"

"बघ तर आधी." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मी थांबले. "हा बंक आधीचा. प्रत्येक माणसाला मधे फळी आहे, सामानाला कप्पा आहे. पुढचा बघ, कप्पा गेला. आणि हा शेवटचा. यात मधली फळीपण नाही. सरळ एक पट्टा. खोल्या त्याच. माणसं वाढली तसं एकेक काढत गेलेत."

पाटीवरही तेच होतं. सहा हजारांसाठी बांधलेली छावणी, शेवटी तीस हजारांच्या वर माणसं.

"हे आपोआप होत नाही," राजाभाऊ म्हणाले. "फळी काढली की किती बसतील, हे कुणीतरी आत येऊन मोजलं असणार. ड्रॉइंग काढलं असणार. खाली सही असणार. त्याने कुणाला हातपण लावला नसेल गं. घरी जाऊन जेवला असेल."

मी म्हटलं, "चला बाहेर. थंडी आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये शुभ्रा आमच्यापासून चार सीट लांब बसली. राजाभाऊंनी ड्रॉइंग उघडलं. तेवीस वर्षं ऐकत आल्यामुळे मलाही आता थोडं कळतं.

"लॉकर कुठे दिसत नाहीत यात?"

"काढलेत. टेबलपण. बॅगा बेडखाली ठेवायच्या." त्यांनी ड्रॉइंगची घडी घातली. "तिथलं आणि आपलं एक नाही, विभावरी. तिथे मारायला ठेवले होते. आपली पोरं कमवायला येतात, घरी जातात, एसी आहे, वायफाय आहे. तसं कुणी म्हटलं तर मीच भांडेन. पण ड्रॉइंग बघितलं की मला तो मोजणारा हात ओळखता येतो."

थोड्या वेळाने म्हणाले, "देरात माझ्या उशाशी एक फळकुट ठोकलेलं होतं. एवढंसं. त्यावर प्रमोदिनीची पत्रं आणि मेतकुटाचा डबा. बाकी खोली सगळ्यांची. तेवढं फळकुट माझं."

पुढच्या रविवारी ते आले. चपला काढल्या, पाणी मागितलं आणि हॉलकडे बघितलंच नाही. मला त्याचाही राग आला. शुभ्रा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती. ती पुस्तकात डोकं घालून.

"दिलं पाकीट परत," राजाभाऊ म्हणाले. "दोन्ही कागद बिनसहीचे."

सत्यजितने टीव्ही बंद केला. "दादा! अरे, मुदतवाढीवर तरी करायची होतीस!"

"एकाच पाकिटात आले होते, एकाच पाकिटात गेले. मॅनेजर म्हणाला, राजाभाऊ, साठीला कुठे जाणार? म्हटलं, घरी. तीस जूनपर्यंत आहे मी."

"आणि ते दहा बेड?" मी विचारलं.

"लावतील. नवा माणूस आणतील, तो करेल सही."

"मग उपयोग काय झाला भाऊजी?"

"उपयोग नाही झाला," ते शांतपणे म्हणाले. मला इतकं हताश वाटलं की तव्यावरची पोळी तशीच राहिली आणि करपली. सहाशे साठ माणसांची नावं येणाऱ्या या माणसाला इचलकरंजीच्या घरात चहाचा डबा कुठे असतो ते माहीत नाही. आणि हे म्हणे उपयोग नाही झाला.

"शुभ्रा," त्यांनी हाक मारली. "माझी टेप दे बाळा."

"व्हाय?" पुस्तकातूनच.

"लॉकर भिंतीला बोल्ट करतोय. सगळे. भोकांच्या खुणा करायच्यात. अजून मी कॅम्प बॉस आहे, लॉकर हलतात अशी तक्रार आहे, दुरुस्ती माझ्या अखत्यारीत येते."

"कोणाची तक्रार?" सत्यजितने विचारलं.

"फिरदोसकडून लिहून घेतली."

शुभ्राने मान वर केली. "दे विल जस्ट अनबोल्ट देम, काका."

"काढू देत ना. एका लॉकरला चार बोल्ट, तेही भिंतीत आतपर्यंत. काढणाऱ्याला प्रत्येकाचा कप्पा हाताने काढावा लागेल. घाम फुटू दे जरा."

ती उठली. दप्तराच्या तळातून टेप काढून त्यांच्यापुढे धरली. "टू थाउजंड सिक्स हंड्रेड अँड फॉर्टी बोल्ट्स. यू हॅव टिल जून?"

"इन्शाल्ला. शनिवारी येतेस का खुणा करायला?"

"मे बी," ती म्हणाली, म्हणजे हो.

"आणि विभावरी," राजाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रमोदिनीला तू सांग. मी कायमचा येतोय म्हणून."

"मी? भाऊजी, तेहतीस वर्षांनी तुम्ही घरी निघालात आणि हे मी सांगायचं?"

"तुला चांगलं बोलता येतं."

मी पिठाच्या हाताने फोन घेतला. तिकडे रिंग वाजत होती, आणि इकडे काका-पुतणी माझ्या कपाटापाशी सरावाला लागली होती. सर्रकन् टेप, कानामागची पेन्सिल, आणि पांढऱ्या भिंतीवर ठसठशीत चार फुल्या. घर भाड्याचं आहे, हे या माणसाला किती वर्षं सांगायचं?