साड्यांच्या कपाटातली मराठी

रेकॉर्डिंग करणाऱ्यांकडे किस्से साठणारच. धडा कापूनछाटून नेटवर जातो आणि कापलेलं सगळं आपल्याकडेच पडून राहतं ना! आमच्या संजयच्या लॅपटॉपवर त्याचा 'कचरा' नावाचा फोल्डर आहे. परवा आम्ही दोघं तो ऐकत बसलो आणि जेवायचं राहून गेलं.

आम्ही तिघं होतो. मी, ऑफिसातला माझा दोस्त संजय आणि शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या देसाईबाई. बाई रिटायर झाल्या होत्या. मुलगी केतकी टोरांटोला, नात इरा आठ वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा "हाय आजी!" म्हणायची, इंग्रजीत दोन वाक्यं फेकायची आणि पळायची.

"अख्ख्या सांताक्रूझला मराठी शिकवली रे मी," बाई एकदा मला म्हणाल्या, "आणि माझी नात माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलत नाही. एकदा तरी ऐकायचंय मला. बस."

म्हणून मराठी शिकणाऱ्यांसाठी ऑडिओ धडे. नेटवर फुकट टाकायचे, जगाने ऐकले तर झकास. पण खरी विद्यार्थिनी एकच!

*

बाईंचं घर विमानतळाला खेटून. डोक्यावरून सारखी विमानं! आवाज अडावा म्हणून संजयने बाईंना साड्यांच्या कपाटात तोंड घालून बोलायला लावलं. पंखा बंद, आम्ही दोघं मागे घामाघूम आणि चिडीचूप.

तेवढ्यात शेजारच्या काकू उघड्या दारातून आत आल्या. बघतात तर बाई कपाटात डोकं घालून म्हणतायत, "माझं नाव मीना आहे. मी सांताक्रूझला राहते." पुन्हा तेच. पुन्हा तेच!

काकू आल्या पावली परत गेल्या आणि थेट टोरांटोला फोन लावला. "केतकी, तुझ्या आईचं काहीतरी बिनसलंय गं. आणि घरात दोन पुरुष नुसते उभे आहेत!"

*

'बाजारहाट' या धड्याला खरा आवाज हवा म्हणून आम्ही खारदांड्याच्या मासळीबाजारात गेलो. संजयने एका कोळीण मावशींना समजावलं, "मावशी, शिकणारे लोक आहेत, भाव जरा हळू सांगा."

"हळू सांगू? तोवर गिऱ्हाईक जाईल ना माझं!"

प्रत्येक टेकला मावशींची एकच अट, आधी मासळी घ्यायची. पाच टेक झाले. संजय बोंबलांचे पाच वाटे घेऊन दहिसरला पोचला. बायकोने पिशवीत बघितलं आणि विचारलं, "धडा शिकवायला गेलेलास की शिकायला?"

*

बाईंचा हट्ट, भाषा शुद्ध हवी. आमचा एक श्रोता अंधेरीला नोकरीला आलेला तमिळ माणूस. तो धडा पाठ करून रिक्षावाल्याला म्हणाला, "नमस्कार. आपण मला कृपया अंधेरी स्थानकापर्यंत सोडाल का?"

रिक्षावाल्याने आधी त्याच्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे. "साहेब, कॅमेरा कुठे लावलाय?"

हे त्यानेच आम्हाला ईमेलने कळवलं. संजय अकोल्याकडचा, बाईंच्या शुद्ध भाषेला वैतागलेला, त्याला तर चेवच आला. "बाई, आता रिक्षाचा धडा मी घेणार!" बाईंनी घेऊ दिला. अख्खा धडा एवढाच: "भाऊ, स्टेशन?"

सगळ्यात जास्त ऐकला गेलेला धडा तोच. बाई दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत.

*

प्रत्येक धडा आधी इराला जायचा. तिकडून उत्तर एकच, अंगठ्याचं चित्र. बाई चष्मा लावून ते बघत बसायच्या. "बघ रे, अंगठा दाखवते मला!" हसायच्या, पण मला वाईट वाटायचं. तीस धडे झाले तरी पोरगी रविवारी "हाय आजी" करून पळतच होती.

आता बाईंची ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बाई मुलुंडला भाड्याने राहतात. तिथे विमान नाही, कपाट नाही, फोनवर एका टेकमध्ये धडा होतो. आवाज एकदम क्लिअर! पण ती मजा गेली यार. त्या घामाची आठवण येते मला, खरंच.

*

एक किस्सा मात्र त्या फोल्डरमध्ये नाही, कारण तेव्हा माइक बंद होता.

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. एक वाक्य म्हणायच्या, मग "आता तुम्ही म्हणा" म्हणून थांबायच्या, म्हणजे ऐकणाऱ्याने ते मोठ्याने म्हणायचं. प्रत्येक वाक्याला हेच. इराने मराठी ऐकली ती एवढीच.

सांताक्रूझच्या घरातला तो शेवटचा रविवार. सामान बांधायला मी आणि संजय गेलो होतो. टोरांटोहून कॉल आला. इरा स्क्रीनसमोर ताठ उभी, हात मागे. "हाय" नाही, काही नाही.

"आजी, मला तुझी खूप आठवण येते."

बाईंचे डोळे वाहायला लागले. संजय हातातला खोका तसाच धरून उभा राहिला.

इराने थोडी वाट बघितली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली,

"आता तुम्ही म्हणा."

बाईंनी पदराने डोळे पुसले, खुर्चीत नीट बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मला तुझी खूप आठवण येते."